विश्लेषण : आठ मोठा, मग १/८ लहान कसा? मुलांचे गणित अपूर्णांकात नेमके कुठे अडते?

संध्याकाळचे साडेसात. माजिवड्यापासून गाड्यांची रांग लागलेली. ऑफिसातून निघालेले आई-बाबा कासारवडवलीला पोहोचेपर्यंत मुलाची गणिताची वही जेवणाच्या टेबलावर उघडी पडलेली असते. १/६ आणि १/८ यांच्या मध्ये एक रिकामा चौकोन आहे. त्यात लहान-मोठेपणाचे चिन्ह लिहायचे आहे. मुलाने लिहिले आहे, १/६ < १/८. का, असे विचारले तर उत्तर तयार असते : ‘सहापेक्षा आठ मोठा.’

दमून आलेला पालक सांगतो, ‘तिरका गुणाकार कर.’ एक गुणिले आठ, आठ. एक गुणिले सहा, सहा. आठ मोठे, म्हणून १/६ मोठा. चिन्ह खोडून उलटे केले जाते आणि वही दप्तरात जाते. उत्तर बरोबर आले. पण आठ मोठा असताना १/८ लहान कसा, हा मुलाचा प्रश्न होता तिथेच राहिला.

घोडबंदर रोडवरच्या कितीतरी घरांत हा प्रसंग थोड्याफार फरकाने घडत असेल. मुले वेगवेगळ्या मंडळांच्या शाळांत जातात, कोणी मराठी माध्यमात, कोणी इंग्रजी. अडण्याची जागा मात्र एकच असते.

आकडेवारी काय सांगते?

केंद्र सरकारने ४ डिसेंबर २०२४ रोजी ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण’ घेतले. देशातील ७८१ जिल्ह्यांमधल्या ७४ हजारांहून अधिक शाळांतील तिसरी, सहावी आणि नववीचे २१ लाखांहून अधिक विद्यार्थी त्यात होते. सहावीच्या मुलांची गणितातील देशाची सरासरी ४६ टक्के आली. त्यात एक क्षमता अशी तपासली होती : रोजच्या वापरातले अर्धा, पाव यांसारखे अपूर्णांक दाखवता येणे आणि त्यांची तुलना करता येणे. तिथे आकडा होता २९ टक्के.

हे अपूर्णांक अवघड नाहीत. भाजीवाल्याकडे पाव किलो मिरच्या मागताना जे लागते, तेच हे. आणि मुले पाचवी पूर्ण करून सहावीत आलेली होती.

या क्षमतेच्या वर्णनात अपूर्णांकाचे तीन अर्थ दिले आहेत. एक, अखंड वस्तूचा भाग. दोन, संख्यारेषेवरची जागा. तीन, भागाकार, म्हणजे वाटणी. आपल्याकडे पहिल्या अर्थावर वर्ग थांबतो. गोल काढायचा, चार भाग करायचे, तीन रंगवायचे आणि बाजूला ३/४ लिहायचे. उरलेले दोन अर्थ पुस्तकात असतात; वर्गात त्यांना वेळ मिळतोच असे नाही.

मूल चुकते म्हणजे काय करते?

मूल मनाला येईल ते लिहीत नाही. ते एक नियम पाळत असते आणि तो नियम त्याला शाळेनेच शिकवलेला असतो. पहिलीपासून त्याने पाहिले आहे की आठ सहापेक्षा मोठा, ८० हे ६० पेक्षा मोठे. तीन-चार वर्षे हा नियम एकदाही खोटा ठरत नाही. मग अचानक एका धड्यात तो उलटा होतो आणि तो का उलटला हे कोणी सांगत नाही. पूर्णसंख्यांचे नियम अपूर्णांकांना लावण्याची ही सवय जगभरच्या मुलांत आढळते.

दुसरी चूक थोडी आत दडलेली असते. ३/४ आणि ५/६ यांत मोठा कोणता? काही मुले म्हणतात, दोन्ही सारखे. कारण तीनला चार व्हायला एक कमी, पाचला सहा व्हायलाही एकच कमी. पण पहिल्यात कमी पडलेला तुकडा १/४ आहे, दुसऱ्यात १/६. तुकड्यांची संख्या सारखी असली तरी आकार वेगळा आहे. मुलाने तुकडे मोजले, आकार पाहिला नाही.

तिसरी चूक शिकवण्यातूनच येते. ‘छेद मोठा तर अपूर्णांक लहान’ असे एकदा पाठ झाले की मूल १/४ हा ३/५ पेक्षा मोठा ठरवते, कारण चार पाचपेक्षा लहान. हा नियम अंश सारखे असतील तरच चालतो, ही अट पाठांतरात गळून पडलेली असते.

या तिन्ही चुकांचे मूळ एकच आहे. मुलाला ३/४ ही एक संख्या दिसत नाही. वर तीन, खाली चार आणि मध्ये रेघ अशा दोन संख्या दिसतात.

मोठ्यांना तरी दिसते का?

अमेरिकेत १९७८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मूल्यमापनात १३ वर्षांच्या मुलांना विचारले होते की १२/१३ आणि ७/८ यांची बेरीज अंदाजे किती? पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळपास एक-एक आहेत, म्हणून उत्तर २. ते २४ टक्के मुलांना आले. निम्म्याहून अधिक मुलांनी १९ किंवा २१ निवडले. कोणी अंशांची बेरीज केली, कोणी छेदांची.

तिथलाच आणखी एक किस्सा प्रसिद्ध आहे. १९८०च्या दशकात ‘ए अँड डब्ल्यू’ या उपाहारगृहांच्या साखळीने पाव पौंडाच्या बर्गरच्या किमतीत एक तृतीयांश पौंडाचा बर्गर आणला. तो चालला नाही. साखळीचे तेव्हाचे मालक आल्फ्रेड टॉबमन यांनी आपल्या आत्मकथनात त्याचे कारण लिहून ठेवले आहे. तीनपेक्षा चार मोठा, तेव्हा १/३ साठी १/४ इतके पैसे का द्यायचे, असे अनेक ग्राहकांना वाटले. वहीतली चूक सुधारली नाही तर ती मोठेपणी दुकानात भेटते, ती अशी.

याचा पुढच्या शिक्षणाशीही संबंध आहे. रॉबर्ट सीगलर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या दीर्घकाळच्या नोंदी तपासल्या. दहाव्या वर्षी अपूर्णांक आणि भागाकार किती समजला होता, यावरून पाच-सहा वर्षांनंतरच्या बीजगणिताचा आणि एकूण गणिताचा अंदाज बांधता येत होता. बुद्ध्यांक, घरचे उत्पन्न, पालकांचे शिक्षण हे सारे हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. पुढे येणारी गुणोत्तरे, शेकडेवारी, वेग, संभाव्यता अशी सगळी प्रकरणे याच पायावर उभी राहतात.

तिरक्या गुणाकारात वाईट काय?

वाईट काही नाही. रीत अचूक आहे. प्रश्न ती कधी शिकवायची हा आहे.

५/८ आणि ७/१२ घ्या. तिरका गुणाकार केला की एका बाजूला ५ × १२ = ६० आणि दुसऱ्या बाजूला ७ × ८ = ५६. म्हणून ५/८ मोठा. पण हे ६० आणि ५६ काय आहेत? दोन्ही अपूर्णांकांचा छेद ८ × १२ = ९६ केला, तर पहिला ६०/९६ होतो आणि दुसरा ५६/९६. म्हणजे दोन्ही वस्तूंचे सारख्याच आकाराचे तुकडे केले आणि तुकडे मोजले. तिरका गुणाकार म्हणजे छेद न लिहिता केलेले समच्छेद. हे समजलेल्या मुलाने ती रीत खुशाल वापरावी. न समजलेल्या मुलाच्या हातात ती फक्त फुली असते. पुढच्या वर्षी बेरजेतही ते फुली मारते, गुणाकारातही मारते, आणि कुठे मारायची नाही हे त्याला कळत नाही.

मग सुरुवात कुठून करावी?

वाटणीपासून. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील के. सुब्रमणियम आणि श्वेता नाईक यांनी अपूर्णांकाचा मोजमापाचा अर्थ आणि वाटणीचा अर्थ एकत्र आणून शिकवण्यावर काम केले. त्यांचा निबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एनसीईआरटीच्या सहावीच्या ‘गणित प्रकाश’ या २०२४ पासूनच्या पुस्तकातही अपूर्णांकांची सुरुवात समान वाटणीनेच होते.

घरात हे करून पाहता येते. एका ताटात २ पोळ्या आणि खाणारी मुले ३. दुसऱ्या ताटात ३ पोळ्या आणि मुले ५. कोणत्या ताटावरच्या मुलाला जास्त मिळेल? म्हणजेच २/३ मोठा की ३/५?

आधी प्रत्येकाला अर्धी पोळी द्या. पहिल्या ताटात दोन पोळ्यांचे चार अर्धे तुकडे होतात. तीन वाटले, एक उरला. तो तिघांत वाटायचा. दुसऱ्या ताटात तीन पोळ्यांचे सहा अर्धे तुकडे. पाच वाटले, एक उरला. तो पाच जणांत वाटायचा. उरलेला अर्धा तुकडा तिघांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला जास्त येणार, हे सांगायला गणिताचा मास्तर लागत नाही. म्हणून २/३ मोठा.

याच रीतीने १/६ आणि १/८ चे कोडेही सुटते. एक पोळी सहा जणांत आणि एक पोळी आठ जणांत. खाणारे वाढले की वाटा लहान होतो. छेद म्हणजे तुकड्यांची संख्या नव्हे, तर पंगतीत बसलेली माणसे, असे एकदा मनात बसले की तो ‘उलटा’ नियम पाठ करावा लागत नाही.

एक काळजी मात्र घ्यायची. पोळ्या सारख्या आकाराच्या हव्यात. फुलक्याचा अर्धा आणि भाकरीचा पाव यांची तुलना करून मोठा कोण हे सांगता येत नाही. तुलना करायची तर अखंड वस्तू एकच हवी, ही अट मोठ्याने सांगितली पाहिजे.

घोडबंदर रोडची संख्यारेषा

आता उरतो तिसरा अर्थ, जागेचा. त्यासाठी खिडकीबाहेर पाहिले तरी पुरे. कापूरबावडी ते गायमुख या पट्ट्यात मेट्रो ४ आणि ४ अ यांची स्थानके ओळीने अशी आहेत : कापूरबावडी, मानपाडा, टिकुजीनीवाडी, डोंगरीपाडा, विजय गार्डन, कासारवडवली, गोवनिवाडा, गायमुख. कापूरबावडीला शून्य माना आणि गायमुखला एक.

पहिला प्रश्न : भाग किती? बहुतेक मुले स्थानके मोजून आठ म्हणतील. पण भाग म्हणजे स्थानकांमधले टप्पे, आणि ते सात आहेत. संख्यारेषेवर खुणा मोजायच्या की अंतरे, हा गोंधळ इथेच मिटतो.

दुसरा प्रश्न : मग मानपाडा १/७ वर आहे का? नाही. सात टप्पे आहेत, पण ते समान अंतराचे नाहीत. भाग समान नसतील तर १/७ म्हणता येत नाही. वहीतल्या रंगवलेल्या गोलात भाग आधीच समान करून दिलेले असतात, त्यामुळे ही अट मुलाच्या लक्षातच येत नाही.

तिसरा प्रश्न : सरळ रेघ काढून एका टोकाला कापूरबावडी आणि दुसऱ्या टोकाला गायमुख लिहिले, तर १/२ वर गाडी कुठे असेल? १/३ वर? ३/४ वर? जो अपूर्णांक गायमुखच्या जवळ, तो मोठा. रोज या रस्त्यावर अडकणाऱ्या मुलाला ‘निम्म्यापेक्षा पुढे आलो की मागेच आहोत’ हे चांगलेच समजते. तीच समज कागदावर आणायची आहे.

तुलनेच्या चार वाटा

समज आली की मुलाने प्रत्येक जोडीला एकच रीत लावू नये. आधी जोडीकडे नीट पाहावे.

छेद सारखे असतील तर तुकडे मोजावेत. ३/८ पेक्षा ५/८ मोठा.

अंश सारखे असतील तर तुकड्यांचा आकार पाहावा. ३/५ आणि ३/७ यांत तुकडे तीनच, पण पाचवा हिस्सा सातव्या हिश्शापेक्षा मोठा. म्हणून ३/५ मोठा.

दोन्ही वेगळे असतील तर अर्ध्याशी ताडून पाहावे. ३/७ आणि ५/९ घ्या. सातचे निम्मे साडेतीन, म्हणजे ३/७ अर्ध्याच्या अलीकडे. नऊचे निम्मे साडेचार, म्हणजे ५/९ अर्ध्याच्या पलीकडे. गुणाकाराची गरजच पडली नाही.

दोन्ही एकच्या जवळ असतील तर किती कमी पडते ते पाहावे. ७/८ ला १/८ कमी पडतो, ८/९ ला १/९. कमी तूट ८/९ ची, म्हणून तो मोठा.

या चारही वाटा बंद झाल्या, ५/८ आणि ७/१२ सारखी जोडी समोर आली, की मग समच्छेद करावा. २४ हा सामाईक छेद घेतला की १५/२४ आणि १४/२४. तिरका गुणाकार त्याच्याही नंतर.

‘पाऊण’ हा शब्द का महत्त्वाचा?

मराठी घरांकडे या बाबतीत एक शिदोरी आहे आणि ती वापरली जात नाही. इंग्रजी माध्यमातले मूल ३/४ ला ‘थ्री बाय फोर’ किंवा ‘थ्री अपॉन फोर’ म्हणते. मराठी माध्यमातले ‘तीन छेद चार’ म्हणते. दोन्हीत दोन संख्या ऐकू येतात. ‘पाऊण’ म्हटले की एकच ऐकू येते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही एका-एका संख्येची नावे आहेत. पाऊण तास अर्ध्या तासापेक्षा जास्त, हे सांगायला कोणालाही समच्छेद करावा लागत नाही.

जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी हे पाढे होते. ते पुन्हा पाठ करून घ्यावेत, असे सुचवायचे नाही. त्या व्यवहाराला मर्यादाही होती. रुपया सोळा आण्यांचा, त्यामुळे पाव-अर्ध्याचा हिशेब सहज होई. तिसऱ्या किंवा पाचव्या हिश्शाला मात्र सोळातून पूर्ण आणे मिळत नसत. पण आणा हाच एक सामाईक छेद होता. बारा आणे आणि दहा आणे यांत मोठे काय, हे लहान मूलही सांगे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, व्यवहार शंभराच्या छेदावर गेला आणि या पाढ्यांची रोजची गरज हळूहळू संपली. पाढे गेले, त्याला हरकत नाही. शब्द जाऊ देण्याचे मात्र कारण नाही. मूल कोणत्याही माध्यमात शिकत असो, घरी ३/४ ला पाऊण म्हणावे.

परीक्षेच्या धावपळीत एवढा वेळ कुठे?

हा आक्षेप खरा आहे. वर्गात चाळीस मुले, अभ्यासक्रम संपवायचा, शिष्यवृत्ती आणि ऑलिम्पियाडच्या परीक्षांत घड्याळ धावते. खासगी शिकवण्या ‘दहा सेकंदांत उत्तर’ देणारी युक्ती विकतात आणि पालक तीच मागतात. घोडबंदर रोडवर शाळेची बस, शिकवणी आणि वाहतूक कोंडी यांतून उरलेल्या वेळात पोळ्यांची वाटणी कोण करत बसणार?

पण वेळेचा हिशेब पूर्ण मांडला पाहिजे. युक्ती दहा मिनिटांत शिकवून होते, पण दर वर्षी नव्याने शिकवावी लागते, कारण ती कशावरही उभी नसते. आणि ती नेहमी जलद असते असेही नाही. ७/८ आणि ८/९ साठी ‘किती कमी पडते’ हे पाहणारे मूल गुणाकार करणाऱ्याच्या आधी उत्तर देऊन मोकळे होते. साहित्य म्हणाल तर रद्दी कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या पुरतात. एक पट्टी दोनदा दुमडली की चार भाग, तीनदा दुमडली की आठ. गोलापेक्षा पट्टी बरी, कारण गोलाचे पाच किंवा सात समान भाग मोठ्यांनाही काढता येत नाहीत. पट्टीचे मात्र पट्टीने मोजून करता येतात.

शाळांनी एक बदल केला तरी बराच फरक पडेल. प्रश्नपत्रिकेत चिन्हाला एक गुण असेल, तर ‘का’ ला दोन गुण द्यावेत. ज्याला गुण आहेत तेच शिकवले जाते, हे शाळा, शिकवण्या आणि पालक तिघांनाही ठाऊक आहे. ‘का’ ला गुण मिळू लागले की शिकवण्याही ‘का’ शिकवू लागतील.

घरी काय करता येईल?

वेगळा तास लावायची गरज नाही. अर्धा लिटर दुधाच्या पिशवीतून पाव लिटर काढायला सांगा आणि किती उरले ते विचारा. पाऊण किलो म्हणजे किती ग्रॅम, हे भाजी आणताना विचारा. ‘एक तृतीयांश सूट’ आणि ‘२५ टक्के सूट’ यांत फायदा कशात, हे ऑनलाइन खरेदी करताना मुलालाच ठरवू द्या. आणि उत्तर चुकले तर लगेच रीत सांगू नका. ‘तुला असे का वाटले?’ एवढेच विचारा. चुकीमागचा नियम मूल स्वतःच सांगते आणि सांगता सांगता पुष्कळदा स्वतःच थांबते.

सर्वेक्षणातले २९ टक्के एका वर्षात बदलणार नाहीत. पण त्या वहीतला रिकामा चौकोन आज रात्रीही कुठल्यातरी टेबलावर उघडा असेल. तिथे फुली मारायला सांगण्याआधी डब्यातली एक पोळी काढावी आणि विचारावे : सहा जणांत वाटली तर जास्त मिळेल, की आठ जणांत?